दोन्हीकडचं पान

बोराडे सरांना "चहा घेणार की कॉफी?" असं कधी विचारू नका. मी एकदा विचारलं, तर सर पंधरा मिनिटं आमच्या ओट्यावर बसून विचार करत राहिले. चहा उकळून काळा झाला, कॉफीची बाटली माझ्या हातात तशीच, आणि शेवटी सर म्हणाले, "शैला, प्रश्न अपुरा आहे. एक घेतलं तर दुसरं मिळणार नाही, असं तू कुठं सांगितलंस?" म्हटलं, सर, दोन्ही घ्या. तर म्हणाले, "घेतो. पण हे आधी बोलायचं गं. मी उगाच एकावर पाणी सोडायची तयारी करत होतो." आणि खरंच दोन्ही प्यायले. आधी चहा, मग कॉफी. मग आणखी अर्धा तास डोंगराकडे बघत बसले.

शिळफाट्याच्या मागच्या अंगाला, जिथे हायवे ऐकू येतो पण दिसत नाही, तिथे आमची सहा बैठी घरं आहेत. शेवटचं घर सरांचं, त्याच्या अलीकडचं माझं. मधे एकच भिंत. सर हायस्कुलात गणित शिकवायचे. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली, सर रिटायर झाले, पण शर्टाच्या खिशातला खडू काही रिटायर झाला नाही. उंच, वाळके, मान जराशी एका बाजूला कललेली. रस्त्याने चालताना समोरून ट्रक आला तरी ह्यांना वाटतं, आहे काहीतरी, जाईल.

मी त्यांची विद्यार्थिनी. आठवी, नववी, दहावी, सलग तीन वर्षं गणितात काठावर उभी असलेली. त्यामुळे मी जे सांगतेय ते शहाण्या माणसाने सांगितलंय असं समजू नका.

कुणाला साखरेचा आजार असतो, कुणाला गुडघ्याचा, सरांना दोन गटांचा आजार आहे. तीस मुलांना कबड्डी आवडते, वीस मुलांना खो-खो आवडतो, आठ मुलांना दोन्ही आवडतात, तर मुलं किती? असलं उदाहरण फळ्यावर आलं की आम्ही वह्यांत डोकी खुपसायचो आणि सरांचे डोळे झोपाळू होऊन चमकायला लागायचे. "ह्या तीसमध्ये ते आठ धरलेत का गं? की तीस वेगळे, आठ वेगळे? पुस्तक सांगत नाही. पुस्तकाला वाटतं, तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तक तुमच्याबरोबर कबड्डी खेळायला आलं होतं का?"

मग ते माझ्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्या मागून घ्यायचे. त्या वहीवर एकमेकींवर जराशा चढवून ठेवायच्या आणि मधल्या भागावर बोट टेकवायचं. त्याला ते 'मधली फोड' म्हणायचे. "लोक ही बाजू मोजतात, ती बाजू मोजतात. गणित चुकतं ते मधल्या फोडीत. दोन्हीवाले कुठं बसवलेत, हे आधी विचारायचं. समजलं?" आम्ही सगळे समजलं म्हणायचो. बांगड्या बहुतेक परत मिळायच्या.

एकदा सहामाहीला नेमकं हेच कबड्डीचं उदाहरण आलं. छापील उत्तर होतं बेचाळीस. निम्म्या वर्गाने लिहिलं अठ्ठावन्न, कारण त्यांनी तीस वेगळे, वीस वेगळे नि आठ वेगळे धरले. सरांनी दोघांनाही पैकीच्या पैकी मार्क दिले. एकाने उत्तरच लिहिलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं, 'ज्यांना दोन्ही खेळ आवडत नाहीत ते घरी गेले का?' त्याला एक मार्क जास्त. हेडमास्तरांनी सरांना ऑफिसात बोलावलं. काय हो बोराडे, बरोबर उत्तर एकच असतं ना? सर शांतपणे म्हणाले, "मुलं पास आहेत. प्रश्न नापास झालाय." हेडमास्तरांनी हात टेकले. माझं उत्तर अठ्ठावन्न होतं. गणितात मला तेवढे मार्क जन्मात परत पडले नाहीत. आईने त्या दिवशी शिरा केला होता.

पण सरांची सगळीच गणितं हसण्यावारी न्यायची नव्हती. एकदा वर्गात विचारलं, घरी भात कोण खातं, भाकरी कोण खातं, हात वर करा. डोंगराकडच्या वाडीवरची सोनी दोन्ही वेळेला गप्प बसली. सर म्हणाले, "तू काय खातेस गं?"

"असंल ते."

"आणि नसेल तर?"

"नसंल तर नाय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन वर्तुळांच्या बाहेर एक ठिपका काढला आणि तास संपायच्या आधीच निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून सरांच्या डब्याला एक कप्पा वाढला. मधल्या सुट्टीत सर आणि सोनी पायरीवर बसून जेवायचे, एकमेकांशी एक अक्षर न बोलता. आम्हाला वाटायचं, सरांना भूक फार लागायला लागली.

लग्न झालं आणि मी गणिताशी काडीमोड घेतला, असं मला वाटलं होतं. पण नवऱ्याची कंपनी बंद पडली, आणि मी व गल्लीतल्या तिघी जणींनी मिळून लग्नाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. आमच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, पानं मोजतात. जेवणारा एक माणूस म्हणजे एक पान. पहिल्याच लग्नाला मुलीकडचे म्हणाले अडीचशे पानं, मुलाकडचे म्हणाले दोनशे. मी साडेचारशेचा भात टाकला. मुलगी आणि मुलगा एकाच गावचे, ह्या आळीतून त्या आळीत. अर्धं गाव दोन्हीकडचं. जेमतेम तीनशे पानं उठली. अन्न कमी पडलं तर नाक कापलं जातं हे खरं, पण उरलं की आचाऱ्याला जे लागतं, ते कुणाला सांगता येत नाही. वाडीवर पोचवून आले तरी दोन पातेली भात उरलाच. मी ओट्यावर डोक्याला हात लावून बसले होते. सर फाटकातून वाकून बघत म्हणाले, "दोन्हीवाले कुठं बसवलेस?"

मला पहिल्यांदा गणित कळलं ते त्या दोन पातेल्यांपुढे.

तेव्हापासून माझ्या सगळ्या लग्नांची पानं सर काढतात. दोन्हीकडच्या याद्या आणायच्या. बांगड्या आता पुरत नाहीत, म्हणून पिठाच्या जुन्या चाळण्यांच्या दोन कड्या ओट्यावर एकीवर एक चढवून मांडायच्या. शेजारी चिंचोक्यांचा डबा. एक चिंचोका म्हणजे एक पान. नाव वाचायचं, चिंचोका ठेवायचा. आणि जिथे शंका, तिथे सर सरळ फोन लावतात.

"तुम्ही मुलीचे मावसकाका म्हणून येणार, की मुलाच्या कंपनीतले म्हणून?"

"मी जेवाया येनार, मास्तर."

"ते ठीक आहे. पण किती वेळा?"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज यायचा आणि सर समाधानाने एक चिंचोका मधल्या फोडीत सरकवायचे. आपल्याकडची लग्नं तरी कशी, मुलगी इकडची, मुलगा दोन स्टेशनं पलीकडचा, आणि मधली सगळी गावं ह्याचीही आणि त्याचीही. सरांनी चारशे म्हटलं की चारशेच उठायचे. फार तर पाच-सात इकडेतिकडे. शैलाताईचं जेवण उरत नाही आणि कमीही पडत नाही, असं नाव झालं माझं. नाव माझं, डोकं सरांचं.

फाल्गुन-चैत्रातल्या त्या दुपारी मला फार आवडायच्या. शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागलेले असतात, धूर वर जात नाही, खाली झाडांच्या कमरेपर्यंत लोंबत राहतो. डोंगर आहेत की नाहीत कळत नाही. मी तांदूळ निवडत बसायची, सर चिंचोके मांडायचे, नावं वाचायचे एका सुरात. ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. अर्धवट झोपेत ते चिंचोके उठून पंगतीला बसायचे, कुणी पागोटं घातलेलं, कुणाच्या कडेवर पोर, आणि मी वाढत चाललेय, वाढत चाललेय, पंगत संपतच नाही, आणि भातही संपत नाही. जाग यायची तर सर तसेच, हातात एक चिंचोका धरून धुराकडे बघत. "हा बघ, शैला. आता कर्जत कुठं संपलं आणि खालापूर कुठं सुरू झालं, सांग बरं." मी म्हणायची, सर, पाटी आहे ना हायवेला. "पाटी धुराला कुठं दिसते," म्हणायचे सर, आणि तो चिंचोका मधे ठेवून द्यायचे.

गेल्या चैत्रात माझ्याकडे एक ऑर्डर आली. मुलगी पळसदरीची, मुलगा डोळवलीचा. पळसदरी कर्जतात, डोळवली खालापुरात. यादी घेऊन आले तर सर पहिलंच नाव वाचून ताठ बसले. मुलगी त्यांच्या मामेभावाची नात होती. मुलगा चुलतभावाचा नातू.

"म्हणजे सर, तुम्ही दोन्हीकडचे."

"म्हणजे मी दोन्हीकडचा," सर म्हणाले. एवढा लाजलेला माणूस मी त्या वयात पाहिला नाही.

सरांची आई आधीच गेली होती, सर सहा वर्षांचे असताना वडीलही गेले. शाळेचे दिवस पळसदरीला मामाकडे, सुट्टीचे डोळवलीला काकांकडे, असे ते वाढले. ती दोन घरं कितीतरी वर्षांनी एका मांडवाखाली येत होती. सर दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन पांढरा शर्ट घेऊन आले. मला दाखवला. इस्त्री करून आणला, परत दाखवला. मग मोजणीला बसले. मुलीकडची तीनशे, मुलाकडची दोनशे साठ, दोन्हीकडची नव्वद. पानं चारशे सत्तर.

ती नव्वद नावं मी हौसेने वाचायला घेतली, सरांचं नाव कुठे आहे ते बघावं म्हणून. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग पहिली यादी वाचली. मग दुसरी. डोळवलीच्या यादीत बोराडे होते अकरा. आमचे बोराडे नव्हते.

"सर, ह्यात तुमचं नाव नाही."

"नाही," सर म्हणाले. त्यांनी ते माझ्या आधी पाहिलं होतं.

"मग एक चिंचोका वाढवा की."

"न सांगितलेला माणूस मोजायचा नसतो, शैला. अजून पंधरा दिवस आहेत. पत्रिका द्यायला येतील, तेव्हा वाढवू."

आमच्याकडे पत्रिका पोस्टाने येत नाही आणि मोबाइलवर आली तर ती आली असं कुणी धरत नाही. घरचं माणूस यावं लागतं, हळदकुंकवाची बोटं लावलेली पत्रिका हातात द्यावी लागते, तोंडाने सांगावं लागतं. आणि घर दोन्हीकडचं असेल तर जी बाजू जवळची, तिनेच सांगायचं. लांबच्याने आधी सांगितलं तर जवळच्याचा मान जातो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर घोळ झाला, पण ते मला नंतर कळलं.

मी म्हटलं, मी बोलते नामदेवअण्णांशी. नामदेवअण्णा म्हणजे ते मामेभाऊ. सर एकदम मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "अजिबात नाही. इकडेही नाही, तिकडेही नाही. आठवण करून दिल्यावर येतं ते बोलावणं नव्हे, ते शुद्धिपत्रक. शपथ घे." मी घेतली. मूर्खपणा केला.

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. सरांनी ओटा धुऊन दोन खुर्च्या मांडल्या. दुपारची झोप सोडली. दूध आणायला माझ्या नवऱ्याला पाठवायला लागले, न जाणो नेमके तेव्हाच कुणी आलं तर. गल्लीत गाडीचा आवाज आला की चष्मा पुसायचे. मी भिंतीपलीकडून ऐकत असायची. गाडी निघून गेली की खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

बाराव्या दिवशी डोळवलीची जीप खरंच आली. काशिनाथभाऊ, म्हणजे सरांचे चुलतभाऊ, स्वतः उतरले. सर उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. काशिनाथभाऊ चालत आले ते माझ्या दारात, बुंदीऐवजी जिलेबी करायची म्हणून सांगायला. जाताना पलीकडे हात करून म्हणाले, "काय मास्तर, येताय ना लग्नाला?" आणि जीप गेली.

मी धावत गेले. म्हटलं, झालं ना सर, आलं बोलावणं.

सर खुर्चीत बसत म्हणाले, "येताय ना, हा प्रश्न आहे. बोलावणं नाही. आणि प्रश्नही अपुरा आहे. ते समजतायत, मला तिकडून सांगितलंय."

"मग सांगायचं होतंत, नाही सांगितलं म्हणून."

सरांनी वरचं बटण तेवढं काढलं.

लग्न पळसदरीला, मुलीच्या दारात, दुपारचं. आम्ही चौघी पहाटेच पोचलो. भात, वरण, वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, जिलेबी, पापड. मला राहून राहून वाटत होतं, सर येतील. मांडवाच्या तोंडाशी पांढरा शर्ट दिसला की माझा झारा थांबायचा. मांडव भरून पांढरे शर्ट. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, पहिली उठली, दुसरी उठली. शेवटच्या पंगतीला मी स्वतः वाढलं. शेवटच्या माणसाच्या पानावर भाताचा शेवटचा डाव पडला आणि पातेल्याचा तळ दिसला. चारशे सत्तर म्हणजे चारशे सत्तर. असं चोख कधी जमलं नव्हतं.

नामदेवअण्णा खुशीत पान चघळत आले. मागून काशिनाथभाऊ. दोघांचे फेटे कलले होते. अण्णा म्हणाले, "शैलाताई, जेवन एक नंबर. शिताला शीत उरला नाय. मास्तरांनी काडली ना पानं? कुटं हायेत ते? काशिनाथराव, तुमच्याकडं बसलं असतील."

"आमच्याकडं? आमी समजलो तुमच्याकडं हायेत."

"पत्रिका तुमी दिली ना त्यांना?"

"आमी कशी देनार? ते वाढले तुमच्यात. तुमी जवळचे. तुमचा मान."

"बापाचं घर ते जवळचं, काशिनाथराव. आमी मामाकडचे. मधी कशाला पडायचं म्हनून थांबलो आमी."

माझी शपथ तिथेच सुटली. म्हटलं, "तुम्ही दोघं एकमेकांना मान देत बसलात, आणि तो माणूस पंधरा दिवस दारात खुर्ची टाकून बसला होता. दोन्हीकडे असतो त्याला एकदा वजा करायचं असतं. तुम्ही दोघांनी एकेकदा केलं. राहिलं काय मग?" माझा आवाज चढला होता. बायका बघायला लागल्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

अण्णांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बाय, एक पान वाढून दे मला. मी सोता घेऊन जातो." काशिनाथभाऊ म्हणाले, मीही येतो. दोघं म्हातारे माझ्या मागून चुलीपाशी आले. मी एकेका पातेल्याचं झाकण काढून दाखवलं. भात नाही. वरण नाही. जिलेबीच्या परातीत नुसता पाक. सरांनी पानं अशी मोजली होती की सरांना द्यायला शीत उरलं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "सांजच्याला पोरांना पाया पडाया घेऊन येतो आमी, दोघं बी. सांग त्यांना." मी म्हटलं, सांगते.

भांडी टेंपोत चढवून मी घरी आले तेव्हा चार वाजले होते. उन्हाचा पिवळा धूर झाला होता नुसता. सर ओट्यावर होते. अंगात तोच नवा शर्ट.

"किती उरलं?"

"काही नाही."

"कमी पडलं?"

"तेही नाही."

सरांचा चेहरा असा उजळला की मला रडूच फुटलं. मी ओट्याच्या पायरीवर बसून रडले. माझाच राग आला होता मला. एवढी चारशे सत्तरांना वाढणारी बाई मी, एक डाव भात बाजूला काढून ठेवायचं मला सुचलं नाही. सरांनी चारशे सत्तर सांगितलं, मी चारशे सत्तर केलं. म्हातारे काय बोलले, ते सांगितलं. सांजेला येणार आहेत, तेही सांगितलं.

सर ऐकत होते. मग म्हणाले, "त्यांना रागावलीस? उगाच. त्यांची चूक नाही गं. मी नऊ वर्षांचा असताना दोन्ही गावच्या जत्रा एकाच दिवशी आल्या. सकाळी मामी म्हणाली, आज काकांकडे जाणार असशील ना. मी चालत डोळवलीला गेलो. काकूंची चूल आवरली होती. म्हणाल्या, मामीनं पोटभर घातलं असंल ना रं? मी हो म्हणालो. परत चालत पळसदरीला आलो. मामी भांडी घासत होती. म्हणाली, काकूनं पोळ्या केल्या असतील, जेवलास ना चांगला? मी हो म्हणालो."

"खोटं कशाला बोललात?"

"दोघी इतक्या आनंदानं विचारत होत्या," सर म्हणाले. "कुणी टाकलं नव्हतं मला. दोघींनाही खात्री होती की मी दुसरीकडे सुखात आहे. त्याला काय करणार?"

मी डोळे पुसले. नऊ वर्षांचं पोर दोन गावांच्या मधल्या वाटेवर उपाशी चालतंय, आणि दोन्हीकडे त्याच्या नावाने सगळे निवांत. इतकी वर्षं हा माणूस प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत फिरला आणि आम्ही हसलो. मला स्वतःची लाज वाटली, खरंच सांगते.

"चल," सर म्हणाले, "हात धू."

"कशाला?"

"जेवायला."

मी आत गेले. स्वयंपाकघरात दोन ताटं मांडून झाकून ठेवली होती. शेजारी भाताचं पातेलं आणि पिठलं, गुठळ्यांचं, जरा लागलेलं. मला कळेना.

"बरीच वर्षं ऐकतोय मी," सर पातेल्यावरचं झाकण काढत म्हणाले. "लग्नाची ऑर्डर करून येतेस आणि शिळा पाव नाहीतर चटणी-मुरमुरे खाऊन पडतेस. भिंत पातळ आहे. मुलीकडचे म्हणतात, मुलाकडच्यांनी वाढलं असेल हिला. मुलाकडचे म्हणतात, मुलीकडच्यांनी. आणि दोघंही म्हणतात, चुलीपाशीच तर आहे, खाल्लं असेल काहीतरी. तू कुठल्याच यादीत नसतेस गं. दर वेळी मनात यायचं, आज करून ठेवावं. पण मी तेव्हा त्या लग्नाला तरी गेलेलो असायचो, नाहीतर झोपलेला. आज म्हटलं, घरीच आहोत."

मी पहाटेपासून चहावर होते. चारशे सत्तर माणसांनी जेवण छान झालं म्हणून सांगितलं होतं, जेवलीस का म्हणून एकानेही विचारलं नव्हतं. आणि हे त्या घडीपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सरांनी माझ्या ताटात भात वाढला. पिठलं वाढलं. मी खाली मान घालून जेवत राहिले. ते स्वतः बसले नाहीत, डाव हातात धरून उभेच. एवढ्या वर्षांत मी हजारोंना वाढलं असेल, पण कुणी माझ्यावर असं वाकून वाढलेलं मला आई गेल्यापासून आठवत नव्हतं. भात जरा गिचका झाला होता. दुसऱ्यांदा घेतला. तोही संपला.

"पोट भरलं?" सरांनी विचारलं.

मी हो म्हणाले नाही. ताट पुढे केलं.